हळदीकुंकवाचं फायर ड्रिल

कम्युनिटी कॉलेजच्या त्या वर्गात मी पहिल्या संध्याकाळी शिरले तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई खोली चुकली. शेजारच्या खोलीत केक सजवायचा वर्ग भरत असे. एक दाढीवाला आडदांड माणूस उठला, अदबीनं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "फ्रॉस्टिंग पलीकडच्या खोलीत, मॅम."

मी म्हटलं, "मला आग हवी आहे."

तो बिचारा बाजूला झाला आणि मी पुढच्या बाकावर जाऊन बसले. वर्गात सगळे बाप्ये. बहुतेक जण आपापल्या गावच्या बंबावर हौसेनं काम करणारे, एक प्लंबर, आणि तो दाढीवाला, जो एक बोलिंग ॲली चालवायचा. त्यांच्यात मी. नागपूरची, केमिस्ट्रीतली बी.एस्सी., साडीवर जाडजूड कोट आणि पायात बर्फातले बूट. विषयाचं नाव फायर प्रोटेक्शन टेक्नॉलॉजी. म्हणजे आग विझवायची ती शेवटी. मुळात ती लागू नये म्हणून काय करायचं, आणि लागलीच तर माणसं धडपणे बाहेर कशी पडतील, हे शिकायचं. स्प्रिंकलरचे पाइप, अलार्मच्या वायरी, जिन्याची रुंदी, दार आत उघडावं की बाहेर. आमच्याकडे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी म्हण आहे, हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं. प्लंबर म्हणाला, आमच्या गावातही असंच आहे.

आता मी या फंदात का पडले ते सांगते. आम्ही नवराबायको श्रूजबरीला आलो ते त्याच्या नोकरीसाठी. मग दोन-तीन वर्षांतच तो गेला. हृदयाचं दुखणं, आधी काही कळलंच नाही. मूलबाळ नव्हतं. काही तासांवरच्या एडिसनला माझा मोठा भाऊ. दर रविवारी त्याचा फोन यायचा, "अगं, बेसमेंट तयार आहे. कार्पेट घातलंय, सेपरेट बाथरूम आहे. कशाला एकटी राहतेस तिकडे? इथे ओक ट्री रोडवर आपल्याकडचं सगळं मिळतं." दादाचं प्रेम खरं होतं आणि बेसमेंटही चांगलं होतं. पण तिथे एकदा गेले की मी जन्मभराची 'आमची बहीण असते ना आमच्याकडे' होणार हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्या विचारानंच माझं डोकं फिरायचं.

मी एका विमा कंपनीत टायपिस्ट होते. आगीच्या विम्यासाठी इमारती तपासून येणाऱ्या इन्स्पेक्टरांचे रिपोर्ट टाइप करायचे. रोज तेच वाचून वाचून मला त्यातलं बरंच कळायला लागलं होतं, आणि एकदोघांच्या रिपोर्टातल्या चुकाही दिसायला लागल्या होत्या. आमची सुपरवायझर एके दिवशी म्हणाली, उन्हाळ्यात इन्स्पेक्टरची एक जागा रिकामी होतेय, कॉलेजचं सर्टिफिकेट आण, तुझं नाव मी पुढे करते. माझ्या अपार्टमेंटचं लीज जूनअखेर संपत होतं. टायपिस्टच्या पगारात ते पुन्हा करणं शक्य नव्हतं. म्हणजे सर्टिफिकेट मिळालं तर श्रूजबरी आणि माझं घर, नाही मिळालं तर दादाचं बेसमेंट. इतकं सरळ होतं ते.

आमचे मास्तर म्हणजे अग्निशमन दलातले रिटायर्ड कॅप्टन. आयुष्यभर धूर खाऊन आवाज घोगरा झालेला, त्यामुळे बोलणं कमी. आम्ही फळ्यावर इमारतीचा नकाशा काढला, पंप, पाइप, सगळं रंगीत खडूनं दाखवलं की ते मागून विचारायचे, "आणि माणसं? ती कुठे आहेत?" त्यांचं म्हणणं, आग फार साधी असते, तिचे नियम ठरलेले आहेत. अवघड असतात ती माणसं. माणूस ज्या दारानं आत येतो त्याच दारानं बाहेर जायला बघतो, शेजारी दुसरं दार सताड उघडं असलं तरी. हे ते इतक्यांदा सांगत की आम्ही त्यांच्याआधी वाक्य पुरं करायचो.

परीक्षेतला शेवटचा भाग त्यामुळेच माणसांचा होता. ज्यांच्यावर आपली काही सत्ता चालत नाही अशा माणसांनी भरलेली एखादी जागा निवडायची, परवानगी काढायची आणि ड्रिल करून ती रिकामी करायची. इमारत बघून वेळ कॅप्टन ठरवणार, घड्याळ घेऊन बाहेर तेच उभे राहणार. आणि शेवटी त्यांच्या एका प्रश्नाला खात्रीनं उत्तर द्यायचं, आत कोणी राहिलंय का? 'नसावं' हे उत्तर चालत नसे. संधी दोन. दाढीवाल्यानं आपली बोलिंग ॲलीच घेतली. तिथे खेळायला येणाऱ्याला भाड्याचे बूट देतात. जितके जोड दिलेले, तितकी माणसं, हा त्याचा हिशेब. पठ्ठ्या पहिल्या फटक्यात पास झाला.

मी निवडलं आमच्या महाराष्ट्र मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू. दुसरी गर्दी मला कुठे मिळणार होती? शिवाय सगळी आपलीच माणसं. डॉक्टर, इंजिनिअर, दर दोघांमागे एक पीएच.डी. इतके शिकलेले लोक पटकन उठतील असं मला वाटलं होतं, हे आठवलं की अजून हसू येतं.

मंडळ त्या वेळी एका चर्चचा तळघरातला हॉल भाड्यानं घ्यायचं. पुढच्या बाजूनं जिना उतरून आत यायचं. जमीन उताराची असल्यामुळे मागचं दार मात्र थेट पार्किंग लॉटमध्ये उघडायचं. जानेवारीतला दिवस, बाहेर गुडघाभर बर्फ. येणारा प्रत्येक जण जिन्याच्या तोंडाशी बूट काढायचा, त्यामुळे तिथे ओल्या बुटांचा डोंगर झालेला. अलीकडे कोटांचा दुसरा डोंगर. आत एका कोपऱ्यात पुरुषमंडळी पत्ते घेऊन बसलेली, दुसऱ्या कोपऱ्यात पोरं दंगा करतायत, आणि मधोमध सतरंजीवर बायका. सगळ्याची सूत्रं काकूंच्या हातात.

काकू म्हणजे आमच्या गावातल्या सगळ्यांत आधी आलेल्या. मूळच्या पुण्याच्या, हॉस्पिटलमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टर. आठवडाभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभ्या राहायच्या आणि शनिवारी मंडळात रीतिरिवाज जरासुद्धा इकडचे तिकडे होऊ द्यायच्या नाहीत. काकूंचं हळदीकुंकू घेतल्याशिवाय कुठली सवाष्ण दाराबाहेर पडली असं कधी झालं नव्हतं. मी अशा वेळी स्वयंपाकघरात गुळाच्या पोळ्या भाजायचं काम मागून घ्यायची. मला कुणी कुंकू लावत नसे. कुणी दुष्टपणानं वागत होतं असं मुळीच नाही. ताट माझ्यापर्यंत आलं की जरासं वळायचं, आणि तळहातावर तिळगूळ मात्र इतरांपेक्षा जास्त पडायचा. त्या जास्तीच्या तिळगुळाचा मला भयंकर राग यायचा.

तर त्या दिवशी ठरलेल्या वेळी मी अलार्मची घंटा वाजवली. कॅप्टन बाहेर बर्फात घड्याळ घेऊन उभे. मी स्टेजवर चढून पुस्तकातलं वाक्य खणखणीत इंग्रजीत म्हटलं, कृपया शांतपणे जवळच्या दरवाजानं बाहेर पडा.

कोणी हललं नाही. पत्त्यांच्या घोळक्यातून आवाज आला, "वहिनी, एवढा हँड संपवतो यार, मग निघतो." एका पोरानं आईला सांगितलं, "मॉम, इट्स जस्ट अ ड्रिल," आणि आई पुन्हा गप्पांत शिरली. दोन इंजिनिअर घंटेखाली उभे राहून ती इतकी कर्कश का वाजते यावर वाद घालू लागले. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या नाशिकच्या एक आजी म्हणाल्या, "आग कुठे आहे गं? दिसली की उठते." मंडळाचे अध्यक्ष, स्वभावानं गरीब पण माईकचे शौकीन, माझ्या हातातून माईक घेऊन म्हणाले, "मंडळी, बाहेर जायचंच आहे, पण त्याआधी आभारप्रदर्शन उरकून घेऊ." नमनाला घडाभर तेल म्हणतात तसे त्यांचे आभार सुरू झाले.

मी ओरडले तेव्हा कुठे माणसं उठली. उठली ती सगळी पुढच्या दाराकडे, कारण बूट तिथे. मागचं दार हाताच्या अंतरावर होतं, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. बुटांच्या डोंगरात प्रत्येक जण आपली जोडी शोधू लागला. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी काकू ताट घेऊन उभ्या. बायका निघाल्या म्हटल्यावर त्या तरी काय करणार? प्रत्येकीला हळद, कुंकू, तिळगूळ आणि वाण म्हणून आणलेला मापाचा कप. प्रत्येकीनं वाकून नमस्कार करायचा, काकूंनी तिच्या सासूची चौकशी करायची. मागे रांग थेट स्टेजपर्यंत. ज्यांना बूट सापडले ते नवरे जिन्यात उभे राहून गप्पा मारू लागले. निघतो म्हटल्यावर मराठी माणूस खरा बोलायला लागतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नकाशा काढताना ते लक्षात घ्यावं असं सुचलं नव्हतं.

शेवटी कॅप्टनच आत आले. नाक लालभडक, मिशीवर बर्फ. त्यांना पाहताच कोणीतरी खुर्ची दिली, कोणीतरी हातात ताटली दिली, आणि नाशिकच्या आजींनी स्वतः उठून गुळाच्या पोळीवर तूप वाढलं. आगीसाठी उठल्या नव्हत्या, पाहुण्यासाठी उठल्या. कॅप्टननी पोळी खाल्ली, दुसरी घेतली आणि मला विचारलं, "आत्ता या इमारतीत किती माणसं आहेत?"

चार जण येतो सांगून लोक सात जण आले होते, बरोबर पाहुणे, पाहुण्यांचे मेहुणे. मला सांगता येईना.

"छान लोक आहेत," कॅप्टन बोटं चाटत म्हणाले. "सगळे मेले."

घरी जाऊन मी जी चिडले ती आठवडाभर चिडलेलीच होते. अध्यक्षांना फोन करून फैलावर घेतलं. ते म्हणाले, "वहिनी, खरी आग असती तर पळालोच असतो ना आम्ही." मी म्हटलं, आजवर आगीत सापडलेला प्रत्येक जण आदल्या दिवशी हेच म्हणत होता. रविवारी दादाचा फोन आला. त्याला मी काही सांगितलं नाही, तरी त्यानं माझ्या आवाजावरून ओळखलं आणि बेसमेंटला नवीन खिडकी बसवल्याचं सांगितलं. फोन ठेवून मी उशीवर एक जोरदार बुक्की मारली.

मग मी काकूंकडे भांडायलाच गेले. त्यांनी चहा ठेवला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काकू, माझं ड्रिल तुमच्यामुळे बुडालं. सगळ्या बायका तुमच्यापाशी अडल्या."

"माझ्यामुळे?" काकू एकदम सरळ झाल्या. "अगं, बायका दारातून जातायत, मी काय ताट लपवून ठेवू? आणि तुला काय पाहिजे होतं नक्की?"

मी सांगितलं. वेळेचं सांगितलं, आणि आत कोणी राहिलं नाही याची खात्री द्यावी लागते तेही सांगितलं. नोकरीचं आणि बेसमेंटचंही सांगून टाकलं, जे मी तोवर श्रूजबरीत कुणाजवळ बोलले नव्हते. काकूंनी गॅस बारीक केला. वेळेचं त्यांना फारसं पटलं नाही, पण मोजणीचं ताबडतोब पटलं. "आमच्याकडे पोट शिवण्याआधी नर्स रक्त टिपायचे स्पंज मोजते," त्या म्हणाल्या. "एक जरी कमी भरला ना, तर सर्जन कितीही मोठा असू दे, टाका घालता येत नाही. सगळे थांबतात. तुझं तसंच आहे की."

"हो, पण माणसं मोजायची कशी? कोण आलंय हेच माहीत नसतं."

"मला माहीत असतं," काकू म्हणाल्या. आणि ते खरं होतं.

चहा पिताना मला सुचलं, की काकूंचं ताट जिथे तिथे माणसं थांबतात. मग थांबू देत ना. ताटच बाहेर नेलं तर? रीत मोडायची नाही, फक्त दाराच्या आतून दाराच्या बाहेर हलवायची. काकूंनी कप खाली ठेवला. थंडीत बाहेर उभं राहायला त्यांनी साफ नकार दिला, पण चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतंच पुढे. आणि एकदा हो म्हटल्यावर त्या माझ्याही पुढे गेल्या. "बायकांनाच कशाला? सगळ्यांना लावीन. पुरुषांना, पोरांना, सगळ्यांना. आणि लावताना प्रत्येकाला विचारीन, तुझ्याबरोबर कोण आलंय, ते दाखव. दाखवल्याशिवाय सोडणार नाही. बाहेर एकही कपाळ कोरं दिसलं नाही आणि कुणाचं माणूस कमी पडलं नाही, की समजायचं आत कोणी नाही."

वर्गात मी हे सांगितलं तेव्हा प्लंबर हसून हसून लाल झाला. दाढीवाल्याला मात्र पसंत पडलं. तो म्हणाला, माझ्या बुटांपेक्षा बरं, परत घ्यावं लागत नाही. कॅप्टननी विचारलं, "सगळ्यांच्या कपाळावर खूण झाली की मी घड्याळ थांबवायचं. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. "सगळ्यांच्या," ते पुन्हा म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, सगळ्यांच्या.

चैत्र आला. पार्किंग लॉटच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग तेवढे शिल्लक होते. हॉलमध्ये पितळी झोपाळ्यात गौर बसली. कैरी मिळायची नाही म्हणून आंब्याच्या डाळीत हिरवी आंबट सफरचंदं किसून घातलेली, पन्हंही त्याचंच. भिजवलेले हरभरे मात्र अस्सल. या वेळी मी जोड्यांसाठी दोन्ही दारांबाहेर सतरंज्या घातल्या होत्या आणि निम्म्या लोकांना मुद्दाम मागच्या दारानं आत घेतलं होतं. अध्यक्षांना आधीच सांगून ठेवलं होतं, की आभार मानायचेत ना, मग ते पार्किंग लॉटमधल्या दिव्याच्या खांबाखाली माना, हवे तितके माना. ते खूश होते.

घंटा झाली. मी स्टेजवर चढले आणि या वेळी मराठीत म्हटलं, "उठा. बोलायचं ते बाहेर बोला. काकू निघाल्या."

काकू खरोखरच निघाल्या होत्या. पदर खोचून, ताट दोन्ही हातांत धरून, मागच्या दारातून सरळ. त्यांच्यामागे बायका अशा उठल्या की मी बघतच राहिले. बायका गेल्या म्हटल्यावर पोरं गेली. पुरुषांनी मान वर करून पाहिलं तर आजूबाजूला कोणी नाही, मग तेही उठले, हातातले पत्ते तसेच छातीशी धरून. नाशिकच्या आजींना दोघी जणी दोन्ही बाजूंनी घेऊन निघाल्या. आजी म्हणत होत्या, "अगं, ओढू नका, येतेय. कुंकू संपत नाहीये." दोन्ही इंजिनिअर वेगवेगळ्या दारांनी गेले, त्यामुळे वाद आपोआप मिटला. बरेचसे लोक जोडे न घालताच बाहेर पडले.

मी आत राहिले. ड्रिल घेणाऱ्यानं सगळ्या खोल्या बघून शेवटी यायचं असतं. स्वयंपाकघर पाहिलं, गॅस बंद होता. बाथरूमची दारं ढकलून पाहिली, कोटांची खोली पाहिली, स्टेजच्या पडद्यामागे वाकून पाहिलं. रिकामा हॉल पाहून मला फार आनंद झाला. इतका शांत हॉल मंडळाच्या कार्यक्रमात मी कधी पाहिला नव्हता. झोपाळ्यातल्या गौरीला नमस्कार करून मी मागच्या दारानं बाहेर आले.

बाहेर सगळे उभे होते. पुरुषांची टक्कलंसुद्धा लाल झालेली, कारण काकू बोट जरा जोरातच ओढायच्या. खांबाखाली अध्यक्षांचे आभार चालू होते. काकूंचे शेवटचे प्रश्न ऐकू आले, "मुलगी कुठे तुझी? हां, दिसली. सासरे? ते काय. झालं, जा." मग त्यांनी कॅप्टनकडे वळून इंग्रजीत सांगितलं, सगळे झाले.

कॅप्टन हातात घड्याळ घेऊन निघाले. एकेका माणसासमोरून, एकेक कपाळ बघत. पोरांसमोर वाकले. आजींसमोर टोपी काढली. मग परत येऊन म्हणाले, "नाही. एक राहिली."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी झरझर सगळीकडे पाहिलं. बाथरूम? मी दोन्ही पाहिली होती ना? मी विचारलं, "कोण राहिलं?"

कॅप्टननी माझ्याकडे बोट केलं. "ही. हिच्या कपाळावर काही नाही."

आभार बंद पडले. मी इंग्रजीत म्हटलं, "सर, मी धरून नाही. मी तर ड्रिल घेत होते."

"तू आत होतीस ना?"

"होते, पण..."

"मग तू धरून. घड्याळ चालू आहे."

त्या माणसाला काय सांगणार? आमच्याकडे अशी रीत आहे आणि मी त्यातली आहे, हे इंग्रजीत सांगायला कितीतरी वाक्यं लागली असती, आणि तेवढा वेळ नव्हता. खरं म्हणजे मला स्वतःचाच धक्का बसला होता. एवढी योजना मी आखली, पोरंसोरं मोजली, पाहुण्यांचे मेहुणे मोजले, आणि मोजायच्या माणसांत स्वतःला घातलंच नव्हतं. काकूंनीही घातलं नव्हतं. आम्हा दोघींच्या ते मनातसुद्धा आलं नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

काकू ताट घेऊन माझ्यासमोर होत्या. त्यांच्या हातातलं ताट जरासं वळलं. ते वळणं मी ओळखत होते. मग ते थांबलं. त्यांनी एकदा कॅप्टनच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा जमलेल्या बायकांकडे पाहिलं आणि थिएटरमध्ये बोलत असतील तशा आवाजात म्हणाल्या, "पुढे ये."

मी हळूच म्हटलं, "काकू, राहू द्या."

"राहू द्या काय? मोजणी अर्धी ठेवायची नाही. पुढे ये."

मी पुढे झाले. आधी हळद, मग कुंकू. त्यांचं बोट थंडीनं गार झालं होतं. आणि मघापासून सगळ्यांना विचारत होत्या तेच त्यांनी मलाही विचारलं, सवयीनं, "तुझ्याबरोबर कोण आलंय?"

विचारलं आणि त्यांचं बोट माझ्या कपाळावरच थांबलं.

"कोणी नाही, काकू. मी एकटीच आहे."

"एकटी तर एकटी," काकू म्हणाल्या. "बाहेर आलीस ना? झालं तर मग." आणि बोट उचललं.

तेव्हा कॅप्टननी घड्याळ थांबवलं. काट्याकडे पाहिलं, आणखी जवळ धरून पाहिलं, आणि म्हणाले, "काठावर. पण पास." मला रडू आलं. मी ते आवरलं नाही, लपवलंही नाही. सगळ्यांदेखत पार्किंग लॉटमध्ये उभी राहून रडले. कॅप्टन गोंधळले, पास झाल्यावर ही बाई रडते कशाला असं त्यांनी अध्यक्षांना विचारलं, आणि अध्यक्षांनी त्यांच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. नाशिकच्या आजींनी माझ्या हातात मूठभर हरभरे दिले. इतरांना दिले होते तेवढेच. मग काकू म्हणाल्या, "चला आता आत, डाळ उघडी पडलीय," आणि सगळे एकाच वेळी, एकाच दारातून आत घुसायला लागले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी तोंड न धुताच दादाला फोन केला आणि बेसमेंट भाड्यानं देऊन टाक म्हणून सांगितलं.